दहा मिनिटं बाळ धरायला

रात्री पावणेतीनला मेसेज आला.

"दादा, जागा आहेस का? चिऊला तुम्ही कायरोप्रॅक्टरकडे नेलं होतं ना? नंबर दे ना प्लीज."

कॉलेजमधला माझा ज्युनिअर. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना आम्ही एकाच मेसमध्ये जेवायचो. आता तो मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीटमध्ये, आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतो. बाळ पाच आठवड्यांचं आहे. रात्री पावणेतीनला असा मेसेज कोण टाकतं हे मला चांगलं माहीत आहे. ज्याच्या एका खांद्यावर रडणारं बाळ असतं आणि जो मोकळ्या हाताच्या अंगठ्याने गूगल करत असतो, तो.

नंबर अजून माझ्याकडे सेव्ह आहे. "हो, पाठवतो" असं टाइप केलं आणि पुसलं. "अरे, त्याने काही फरक पडत नाही" असं टाइप केलं. तेही पुसलं. शेवटी "सकाळी बोलू" असं लिहून फोन पालथा ठेवला.

पावणेतीनला सकाळ किती लांब असते, हेही मला माहीत आहे.

*

चिऊचा जन्म जानेवारी २०२४ मधला. पहिले दोन आठवडे ती इतकी शांत होती की आम्ही एकमेकांकडे बघून म्हणायचो, लोक उगाच घाबरवतात. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पाचला ती रडायला लागली, ती साडेआठला थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच वाजता. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रात्रीचीही एक पाळी सुरू झाली.

हे भुकेचं रडणं नव्हतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, अंगाला ताप नाही. मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी घेतलेले, चेहरा लालबुंद. आपण कवेत घेतलं तरी तिला आपण दिसतच नाही, असं ते रडणं. डॉक्टरांनी नीट तपासलं. वजन वाढतंय, उलट्या नाहीत, शौचातून रक्त नाही. म्हणाले, कॉलिक आहे, जाईल.

"कशाने?"

"दिवसांनी."

कॉलिक हे खरं तर निदान नाही, वर्णन आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत वेसेल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने त्याला तीनाचा नियम लावला: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त रडणारं निरोगी बाळ. कारण आजही नक्की सांगता येत नाही. १९६२ मध्ये ब्रेझल्टन या डॉक्टरने ८० बाळांच्या आयांना रडण्याची डायरी लिहायला लावली, तेव्हा दिसलं की साधी, सुदृढ बाळंसुद्धा सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला सरासरी पावणेतीन तास रडतात आणि मग हळूहळू कमी होत जातात. कॉलिकची बाळं याच डोंगरावर चढतात, फक्त त्यांचा डोंगर उंच असतो. तीन-चार महिन्यांत बहुतेक सगळी खाली उतरतात.

हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा मी स्प्रेडशीट उघडली होती. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, काय करून पाहिलं. दुसरं काय करणार? रात्रंदिवस जे करतो तेच. लॉग असले की बग सापडतो.

*

मेलबर्नमध्ये पहाटेचे तीन वाजतात तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सांगलीत रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. आई जेवून टीव्हीसमोर बसलेली असायची. व्हिडिओ कॉलवर चिऊकडे नुसतं बघून म्हणायची, "वारा धरलाय पोटात. हिंग उगाळून लाव बेंबीभोवती." आम्ही लावला. घरभर आमटीचा वास. ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं. सिमेथिकोनचे थेंब आणले. चांगल्या जिवाणूंचे थेंब आणायला निघालो, तर कळलं की इथेच मेलबर्नमध्ये १६७ बाळांवर त्याची चाचणी झाली होती आणि २०१४ मध्ये छापलेल्या तिच्या निष्कर्षात काही उपयोग दिसला नव्हता. तरीही आणले.

सासूबाई बाळंतपणाला येणार होत्या, पण गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आईचा व्हिसा अडकला होता. माझी रजा दोन आठवड्यांची, ती संपलेली. मी घरूनच काम करायचो, पण वरच्या खोलीत, कानात हेडफोन. संध्याकाळी पाच ते आठ आमच्या टीमचे भारताबरोबरचे कॉल. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते लक्षात यायला फार उशीर झाला.

सहाव्या आठवड्यातली एक रात्र. बायको तासाभरापूर्वी झोपली होती, तिला उठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. पावणेदोन तास चिऊ माझ्या कानाजवळ रडत होती. साडेतीनला मी तिला पाळण्यात ठेवलं. जितकं हळू ठेवायला हवं होतं, तितकं हळू ठेवलं नाही.

तिला काही झालं नाही. गादी मऊ होती आणि उंची वीतभर. पण माझ्या हातांत त्या क्षणी काय होतं ते मला कळलं. मी दार लावून घेतलं आणि बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन लावून फरशीवर बसून राहिलो.

इथे व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक बाळासाठी सरकारी माता-बाल आरोग्य सेवेची नर्स असते, फुकट. दुसऱ्या दिवशी वजन करायला गेलो, तेव्हा बायको फॉर्म भरत असताना मी तिला हळूच सांगितलं. ती दचकली नाही. म्हणाली, "दार लावून बाहेर आलास, ते बरोबर केलंस. बाळाला सुरक्षित जागी पाठीवर झोपवायचं, बाहेर पडायचं, पाच-दहा मिनिटं श्वास घ्यायचा, मग परत जायचं. रडण्याने बाळाला इजा होत नाही. हलवण्याने होते." रात्री फोन करता येईल असा नंबरही तिने दिला. पुढे वाचलं, की बाळांच्या रडण्याचा आलेख आणि जोरात हलवल्यामुळे हॉस्पिटलात आलेल्या बाळांचा आलेख, दोन्हींचा आकार सारखाच असतो. दुसरा किंचित उशिरा चढतो.

बायकोला मी हे सांगितलं नाही.

*

कायरोप्रॅक्टरचं नाव बायकोला नव्या आयांच्या ग्रुपमध्ये कळलं. तिघींनी आपापली बाळं नेली होती. तिघींचीही शांत झाली होती.

मी नाक मुरडलं. कायरोप्रॅक्टिक म्हणजे पाठीचे मणके हाताने दाबून किंवा झटका देऊन 'जागेवर' आणायची विद्या. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी, डी. डी. पामर नावाच्या माणसाने ती सुरू केली. तो आधी 'मॅग्नेटिक हीलिंग' नावाचा उपचार करायचा. इमारतीत झाडलोट करणाऱ्या एका बहिऱ्या माणसाच्या पाठीचा मणका त्याने बसवला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्याचा दावा. मणके किंचित सरकतात, त्याने नसा दबतात आणि त्यातून बहुतेक आजार होतात, हा सिद्धान्त त्यातून आला.

बायको म्हणाली, "तुझ्या आजीची बेंबी सरकायची तेव्हा तू हसायचास का?"

हसायचो नाही. आमच्या गावाकडे पोट दुखलं की बेंबी सरकलेली असायची आणि ती बसवणारी म्हातारी असायची. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचे. माझी काकू पायाळू, तिच्याकडे पंचक्रोशीतली माणसं यायची. सरकलेलं काहीतरी जागेवर बसवणारा माणूस सगळ्या मुलखांत असतो. इथे त्याच्या भिंतीवर पदवी लावलेली असते, इतकंच.

सातव्या आठवड्यात आम्ही गेलो. पहिल्या भेटीचे नव्वद डॉलर. चाळिशीच्या एक बाई होत्या. आवाज मऊ, घाई नाही. चिऊकडे बघायच्या आधी त्यांनी बायकोला विचारलं, "सलग किती तास झोपलीस या आठवड्यात?"

बायको रडायला लागली. मी भिंतीवरच्या पदव्या वाचत होतो.

मग त्यांनी चिऊला मांडीवर घेतलं. जन्माच्या वेळी मानेवर ताण आला असेल, वरचा मणका जरा अडकलाय, म्हणाल्या. पिकलेला आंबा दाबून बघतो तेवढ्याच दाबाने बोटांच्या टोकांनी मानेच्या मुळाशी दाबलं, मग पाठीवरून खाली. पाच मिनिटं असेल. चिऊची मान माझ्या तीन बोटांएवढी होती. मला बघवेना, पण मी थांबा म्हणालो नाही.

त्या रात्री चिऊ सलग चार तास झोपली. आम्ही आणखी दोनदा गेलो, साठ-साठ डॉलर देऊन.

नवव्या आठवड्यात आईचा व्हिसा आला आणि पाठोपाठ आई. आल्या संध्याकाळी तिने मीठ-मोहरी-मिरच्यांनी चिऊची दृष्ट काढली आणि ते तव्यावर टाकल्याबरोबर घरातला स्मोक अलार्म बोंबलायला लागला. त्या आवाजात चिऊ झोपून गेली. बाराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यावर, पाच वाजले आणि काहीच झालं नाही. आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो होतो.

आई म्हणाली हिंग. बायको म्हणाली कायरोप्रॅक्टर. नर्स म्हणाली, बारा आठवडे झाले ना? एकाच आठवड्यात तीन बदल प्रॉडक्शनवर टाकले आणि बग गेला, तर श्रेय कोणत्या बदलाचं? आमच्या टीममध्ये असं करणाऱ्याला कुणी सोडत नाही.

*

जूनमध्ये बातमी आली. ऑस्ट्रेलियातल्या कायरोप्रॅक्टरांच्या नियामक मंडळाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांची हाताळणी पुन्हा बंद केली. 'पुन्हा' याचं कारण असं: आमच्याच शहरातल्या एका कायरोप्रॅक्टरचा व्हिडिओ २०१९ मध्ये सगळीकडे फिरला होता. दोन आठवड्यांचं बाळ त्याने पायांना धरून उलटं लटकवलं होतं. त्यावर गदारोळ झाला, मंडळाने तात्पुरती बंदी घातली, व्हिक्टोरिया सरकारने चौकशी समिती नेमली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बंदी गुपचूप उठली. जून २०२४ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी जाब विचारला, तेव्हा परत लागू झाली. आम्ही गेलो होतो ते नेमकं मधल्या फटीत.

बातमी वाचून मी आधी चिऊची मान बघितली. पाच महिन्यांची, गोबरी, पालथी पडून ती मान उचलून माझ्याकडे बघत होती. मग वाचायला बसलो.

त्या समितीने पालकांकडून अनुभव मागवले होते. वीस हजारांहून जास्त लोकांनी लिहिलं आणि जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, की आमच्या मुलाला बरं वाटलं. तरीही समितीचा निष्कर्ष असा होता, की ऑस्ट्रेलियात इजा झाल्याचे पुरावे फार थोडे आहेत, पण उपयोग होतो याचा भक्कम पुरावाही नाही. आधी मला हे विचित्र वाटलं. वीस हजार लोक खोटं बोलतील का? खोटं नाहीच. आपण बाळाला डोंगराच्या शिखरावर असताना उचलून नेतो. तिथून पुढे काहीही केलं तरी उतारच असतो. आमच्यासारखीच ती वीस हजार माणसं.

मग नॉर्वेतली चाचणी सापडली, २००१ मध्ये छापलेली. कॉलिकची ८६ बाळं. काहींना आठ दिवसांत तीनदा कायरोप्रॅक्टरने हाताळलं. बाकीच्यांना नर्सने दहा मिनिटं नुसतं धरून ठेवलं. आपलं बाळ कोणत्या गटात आहे हे आईबापांना सांगितलं नाही. पहिल्या गटातल्या ४६ पैकी ३२ बाळांना बरं वाटलं, दुसऱ्यातल्या ४० पैकी २४ बाळांना. हा फरक योगायोगाने पडावा इतकाच. २०१२ मध्ये अशा सहा चाचण्या, ३२५ बाळं, एकत्र करून पाहिली गेली. आईबापांना उपचार माहीत होता तिथे रडणं कमी झालेलं दिसलं, माहीत नव्हता तिथे ठोस फरक उरला नाही. २०२१ मध्ये डेन्मार्कमध्ये मोठी आणि काळजीपूर्वक चाचणी झाली. उपचाराच्या गटात रडणं मध्यमानाने दीड तासाने कमी झालं, नुसत्या भेटीच्या गटात एक तासाने. वय आणि सुरुवातीचं रडणं हिशेबात धरल्यावर तो अर्धा तासही खात्रीचा राहिला नाही.

दुसऱ्या बाजूला, बाळांच्या मानेची-पाठीची अशी हाताळणी केल्यावर गंभीर इजा झाल्याच्या घटना जगात फार थोड्या आहेत. पण आहेत. फायदा जवळपास शून्य असेल, तर थोडा धोकाही महागच.

मी माझी जुनी स्प्रेडशीट उघडली आणि आलेख काढला. सर्वांत उंच खांब सहाव्या आठवड्यात, फरशीवर बसलो त्या रात्रीचा. उतार सुरू झाला होता तो पहिल्या भेटीच्या चार दिवस आधी.

लॅपटॉप घेऊन मी खाली गेलो. खरं सांगायचं तर उड्या मारत गेलो.

*

बायकोने आलेख शांतपणे पाहिला. मग विचारलं, "या रेघा रिकाम्या का आहेत?"

संध्याकाळी पाच ते आठच्या रकान्यात कितीतरी दिवस काहीच नव्हतं. सुरू झाल्याची वेळ होती, थांबल्याची वेळ होती. 'काय करून पाहिलं' तो रकाना रिकामा.

"कारण तेव्हा तू वर होतास," ती म्हणाली. "हेडफोन घालून. रोज तीन तास मी एकटी होते. तुझ्या शीटमध्ये चिऊ रडली ते सगळं आहे. मी रडले ते कुठे आहे?"

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "मला माहितीये, मणका-बिणका काही नव्हतं. मला तेव्हाही वाटलं होतं. पण दोन महिन्यांत त्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, की तू झोपलीस का. आणि बाळ माझ्या हातातून घेतलं. मी त्यासाठी परत गेले. साठ डॉलर मला महाग वाटले नाहीत."

तेव्हा मी तिला त्या साडेतीनच्या रात्रीचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझीही एक होती. तशीच. दुपारची."

एकाच घरात, एका मजल्याच्या अंतरावर, आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. नर्सला मी सांगितलं होतं, कायरोप्रॅक्टरसमोर ती रडली होती. एकमेकांना सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून नॉर्वेतला तो दुसरा गट माझ्या डोक्यातून जात नाही. नर्सने दहा मिनिटं नुसतं धरलेली ४० बाळं. चाचणीत त्या दहा मिनिटांना उपचार म्हणत नाहीत. तो तुलनेसाठी ठेवलेला गट, त्याचं काम शून्य दाखवायचं. त्या दहा मिनिटांत त्यांच्या आईबापांनी काय केलं असेल, ते कुठल्याच तक्त्यात नाही. बाहेर बसून कुणी डोळे मिटले असतील. कुणी गरम कॉफी गरम असतानाच प्यायली असेल.

आपल्याकडे त्या दहा मिनिटांसाठी माणसं असायची. माहेर, सव्वा महिना, तेल लावायला येणारी बाई, शेजारची आजी. मला त्या व्यवस्थेचं उगाच कौतुक करायचं नाही. तिच्यात आईला झोप मिळायची तसे टोमणेही मिळायचे, "दूधच पुरत नसेल" हे ऐकवणारी एक तरी असायचीच. आणि बाप तिथेही हॉलमध्येच असायचा. पण बाळ धरायला हात असायचे. ते हात मागे ठेवून आम्ही इथे आलो आणि मग तासावर विकत घेतले. ज्या बाईंनी ते विकले, त्या भल्या होत्या असंच मला अजून वाटतं. फक्त त्यांच्या बोटांखाली माझ्या मुलीची मान यायला नको होती. कारण दुखणं तिथे नव्हतंच.

*

सकाळी सातला मी ज्युनिअरला फोन केला. मागे रडणं चालूच होतं.

आधी विचारलं, "ती कशी आहे?"

"बाळ ना? रात्रभर..."

"बाळ नाही. बाळाची आई."

तो थोडा वेळ काही बोलला नाही.

मग मी त्याला सगळं सांगितलं. मानेला कुणालाही हात लावू देऊ नकोस. ताप आला, हिरवी उलटी झाली, शौचातून रक्त दिसलं, दूध प्यायचं सोडलं, तर कॉलिक-बिलिक म्हणत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे ने. हाताबाहेर जातंय असं वाटलं तर पाळण्यात ठेव, दार लाव, बाहेर ये. त्यात लाज नाही. रात्रीच्या नर्सचा नंबर पाठवला. कायरोप्रॅक्टरचा नाही पाठवला. का नाही ते सांगितलं, आलेख मात्र दाखवला नाही.

"आणि आज पाच वाजता आम्ही येतोय," म्हटलं. "तुम्ही दोघं बाहेर जा नाहीतर झोपा. आठपर्यंत बाळ आमच्याकडे."

मी कॅलेंडरवर पाच ते आठ अडवून ठेवलं. मॅनेजरने कारण विचारलं नाही. आधीही विचारलं नसतं.

बाळाने आम्हाला अजिबात भीक घातली नाही. खांद्यावर, पालथं हातावर, अंगणात फिरवून, तोंडाने 'श्श' करून सगळं झालं. चिऊ सोफ्यावरून त्याच्याकडे असं बघत होती, जणू तिने हे आयुष्यात कधी केलंच नाही. वरच्या खोलीत ते दोघं कपडे न बदलता झोपले होते. दार किंचित उघडं होतं, एका चपलेसकट पाय पलंगाबाहेर. आठ वाजता मुलगी खाली आली, तिच्या गालावर उशीच्या वळ्या उमटलेल्या. म्हणाली, "शांत झालं?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," असं म्हणून तिने हात पुढे केले आणि बाळ घेतलं.

परत येताना चिऊ मागच्या सीटवर झोपली. सिग्नलला थांबलो तेव्हा बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाच ते आठ. वेळ बरोबर निवडलीस."

सिग्नल सुटला. मी काहीच बोललो नाही, गाडी चालवत राहिलो.